दाबून धरायचं बटण

पहिलं बटण त्याने भिंतीवर फोडलं. दोनदा दाबूनही ते टॅबवर दिसेना, एवढाच त्या बटणाचा गुन्हा. आतली चपटी बॅटरी उडून फ्रीजखाली गेली. ती काढायला बायको वाकली, तर वाटेत आली म्हणून तिच्या बरगडीत लाथ बसली. राग त्याच्या नाकावरच असायचा, आणि तिथून उतरून कुठे बसायचं हे त्या रागाला पाठ होतं.

बटणं आणायचं कारण खालच्या मजल्यावर होतं. सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते, जिना चढवत नव्हता. त्यांच्या उशाशी एक बटण, वर स्वयंपाकघरात एक. तारा नाहीत, खिळे नाहीत. दाबलं की घंटा वाजेल, म्हातारीला घसा ताणायला नको. हौस नवऱ्याची, खटपट बायकोची. त्या घरात सगळंच असं चालायचं.

तिने उरलेली दोन बटणं ओट्यावर घेतली. पोटातली प्लास्टिकची पट्टी ओढली, बारीक भोकात टाचणी रोवून धरली, निळा दिवा लुकलुकल्यावर टॅबवर नावं दिली. बघता बघता दोन्ही जोडली गेली. एकदा दाबलं की दिवा, दोनदा दाबलं की घंटा. आणि दाबून धरलं की? तिथे तिने जे लावून ठेवलं, ते नवऱ्याला सांगितलं नाही. दाबून धरलं की वरचा आवाज फ्रीजवरच्या माइकवाल्या स्पीकरमधून थेट सासूबाईंच्या उशाशी ठेवलेल्या तसल्याच स्पीकरवर जाणार होता. त्यांनी धरलं तर त्यांचा आवाज वर. मग बटण सोडलं तरी आवाज चालू राहणार, आणि तोवर स्पीकरचा दिवा हिरवा.

माहेरी तिने दोनदा सांगून पाहिलं होतं. भांड्याला भांडं लागायचंच, वडील म्हणाले होते; तो मारतो असं तुझ्या सासूबाई एकदा म्हणू देत, त्याच दिवशी तुला आणि पोरीला घेऊन येतो. पण सासूबाईंना कळणार कसं? त्यांच्यासमोर तो गरीब गाय. आमचा मुलगा मुंगीलाही दुखवायचा नाही, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सुनेवर मात्र त्यांची खरी माया. दर वाढदिवसाला तिला पूर्ण बाह्यांचे कपडे घेत. थंडी बाधते गं तुला, म्हणत. अशा बाईने एकदा ऐकलं की पुरे होतं. आणि ही वेडी इतकी वर्षं प्रत्येक किंकाळी दातांखाली चावत आली होती, खाली म्हातारीची झोप मोडू नये म्हणून.

तिने एक बटण खाली सासूबाईंच्या उशाशी चिकटवलं, कसं दाबायचं ते समजावलं. दुसरं वर भिंतीवर लावलं, पोरीचा हात पोचू नये इतकं उंच. पोर शाळेत होती.

"दाबून धरलं की काय होतं?" नवऱ्याने टॅब तिच्यासमोर धरला.

"काही नाही. ते रिकामंच ठेवलंय."

"मग ही खूण कसली?"

उत्तरासाठी तो थांबला नाही. मागून मान पकडून त्याने तिचं कपाळ बटणावर आपटलं आणि तसंच रेटून धरलं. दाब, तूच दाब, म्हणाला. कातडी फाटली. केसांना धरून त्याने तिला वळवलं, तेव्हा तिला फ्रीजवरच्या स्पीकरचा दिवा दिसला. हिरवा. त्याची त्याकडे पाठ होती.

काहीच झालं नाही, असं म्हणून त्याने तिच्या थोबाडीत दिली. एवढंही धड जमत नाही तुला.

या वेळी तिने ओठ चावले नाहीत. माझा हात सोडा, मोडेल, ती ओरडली. पट्टा नको, कालचे वळ अजून ओले आहेत, पाया पडते. एकेक शब्द सुटा, स्पष्ट, एखाद्याला लिहून घ्यायचा असावा तसा. तो चक्रावला. ही कधी ब्र काढत नसे. मग त्याने पट्टा काढलाच. बक्कल लागून भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. ती आणखी मोठ्याने ओरडली. वेदनेने डोकं भणाणत होतं, तरी तिला मोकळं वाटत होतं, लग्नानंतर पहिल्यांदा.

स्पीकर खरखरला. त्याचा हात वरच्या वर थांबला. खाली उशाशी असलेलं बटण कुणीतरी दाबून धरलं होतं.

तो पांढरा पडला. ती भिंतीला टेकून रक्ताळलेल्या तोंडाने हसली. बोला आई, ती मनात म्हणाली. एकच वाक्य बोला.

सासूबाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"तोंडावर नको रे मारत जाऊ. उद्या पाहुणे यायचेत."