केतकीचा गुणफलक

"पडद्यावर काहीच दिसत नाय गं!" मंडळाचा नंदूदादा ओरडला. कबड्डीचे दोन्ही संघ मैदानात उतरले होते. केतकीनं बनवलेला गुणफलकाचा प्रोग्रॅम घरी झकास चालायचा, पण मंडळाच्या लॅपटॉपवर उघडतच नव्हता.

"शाळा सोडून हेच शिकलीस काय?" मागून कुणीतरी बोललं.

"थांब, दाखवते!" तिनं डोळे वटारले, मग लॅपटॉप नीट बघितला. प्रोग्रॅम चालायचा जावा नावाच्या सॉफ्टवेअरवर, आणि इथं जावा टाकलेलंच नव्हतं.

"पाहुण्यांना चहा पाजा, आलेच!" म्हणत ती घरी पळाली. प्रोग्रॅमलाच जावा जोडून दोन्ही एकत्र पेनड्राइव्हवर घेऊन आली. एका क्लिकसरशी भलामोठा गुणफलक पडद्यावर झळकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

नंदूदादानं माईक तिच्याच हातात दिला. ताठ मानेनं तिनं पुकारलं, "करा रे चढाई सुरू!"