लाल रंगाखालची पट्टी

"थांबा काकू, आणखी एक आकडा निघतोय," ग्वेन म्हणाली आणि थिनरचा बोळा तिने पुन्हा पट्टीवर घासला.

ब्रोनिया नोवाक कुठे जात होती! ती गाडीच्या उघड्या बॉनेटमध्ये अर्धी वाकली होती. आत कोपऱ्यात दोन स्क्रूंनी बसवलेली, पत्त्याएवढी पत्र्याची पट्टी. रंग कोणता, सीट कसली, गाडी कधी बनली, सगळं कारखान्यात त्यावर आकड्यांत ठोकतात म्हणे. बावन्न वर्षं ब्रोनिया या गाडीत बसत आली, आणि पट्टी पाहिली ती आज. लाल रंगाखाली गाडली गेली होती बिचारी.

गाडी नव्यासारखी करायची म्हणून ग्वेनच्या गॅरेजात आणली होती. लाल रंग ताजा करायचा आणि पुढचं सलग बाकडं काढून दोन सुट्या सीट बसवायच्या, असं ठरलं होतं. एवढं दांडगं इंजिन आणि आत बाकडं! तिच्या नवऱ्याला, कॅझला, तो कामाला होता त्या कारखान्यातल्या सोबत्यांनी जन्मभर 'टॅक्सीवाला' म्हणून छळलं होतं. ब्रोनिया त्या बाकड्यावर कायम दाराला टेकून बसायची. मधली जागा तिच्या पर्सची. काल ग्वेनने ते उपटून बाहेर गवतावर टाकलं होतं, आणि आता भंगारवाल्याची वाट बघत कॅझ तिथेच कॉफी पीत उभा होता.

ग्वेनने पट्टीवरचा आकडा तिच्या जाड पुस्तकाशी ताडून पाहिला. "मूळचा रंग फिका हिरवा. पुदिन्याच्या गोळीसारखा."

"ते मला ठाऊक आहे गं. असला रंग कोणी घेईना, म्हणून शोरूमात पडून होती. ती कॅझच्या गळ्यात मारली. मीच मागे लागून लाल करून घेतली." ब्रोनियाने नाक मुरडलं. "कारखान्याच्या फाटकासमोरच्या बेकरीत होते मी. पहाटे चारला उठून जॅम भरलेले पाँच्की, म्हणजे आपले पोलिश डोनट, तळायचे, आणि अंगावर ॲप्रन अगदी असल्याच हिरव्या रंगाचा. तिथून सुटले तशी त्या रंगाची शिसारी बसली मला."

"शोरूमात पडून होती?" ग्वेनच्या कपाळाला आठी पडली. "मग हा शेवटचा आकडा इथे कसा? हा असला, की गाडी गिऱ्हाईकाने सांगून बनवून घेतलेली. रंगही त्याचा, सीटही त्याची. या गाडीत सुट्या सीट आपसूक यायच्या, काकू. बाकडं हवं असेल तर मुद्दाम मागावं लागायचं."

"कधी बनली, लिहिलंय का?"

"अकरा फेब्रुवारी, सत्तर."

ब्रोनियाने बोटं मोजली. दीड वर्ष कॅझ बेकरीच्या रांगेत यायचा, आणि 'दोन द्या' यापलीकडे तोंडातून शब्द नाही. 'घरी सोडू का' हे विचारलं ते सत्तरच्या जूनमध्ये, याच गाडीच्या किल्ल्या बोटावर फिरवत. म्हणजे फेब्रुवारीच्याही आधी या बाबाने कोणाला तरी शेजारी चिकटून बसवायची सोय करून ठेवली होती. बाहत्तराव्या वर्षी सवतीमत्सर! हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"कॅझ! आत ये जरा."

कॅझ कप सांभाळत आत आला.

"कोण होती ती?"

"कोण कोण होती?"

"जिच्यासाठी बाकडं मागवलंस ती! म्हणे शोरूमात पडून होती! बावन्न वर्षं थापा मारल्यास मला. ही बघ पट्टी, सगळं लिहिलंय तिच्यावर."

कॅझने ग्वेनकडे पाहिलं. ग्वेन घाईघाईने पाना शोधायला लागली; तो तिच्या हातातच होता.

कॅझचे कान लाल झाले. "सगळं लिहिलंय ना? मग रंग कोणता लिहिलाय?"

"हिर..." ब्रोनिया मध्येच थांबली. तिचा हात नकळत कमरेशी गेला, बेकरीत ॲप्रनची गाठ असायची तिथे.

"अरे गाढवा," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "अरे गाढवा! आणि मी लाल करायला लावली तेव्हा तोंडात काय पाँच्की कोंबला होतास?"

"तू म्हणालीस, त्या रंगाने मळमळतं. मग काय बोलणार?"

"बोलायचं होतंस!"

"नुसतं घरी सोडू का विचारायला मला दीड वर्ष लागलं, ब्रोनिया."

ग्वेनने घसा खाकरला. "काकू, रंग आज बाराच्या आत मागवायचाय. लालच ना?"

"पट्टीवर आहे तो मागव."

"मळमळेल तुला," कॅझ म्हणाला.

"मळमळू दे."

तेवढ्यात बाहेर भंगारवाल्याचा हॉर्न वाजला. ब्रोनिया पर्स काखोटीला मारून जवळजवळ धावलीच. त्या माणसाने बाकड्याचं एक टोक उचललं होतं.

"ठेव ते खाली! हात लावशील तर बघ."

त्याने ते मुकाट्याने गवतावर टेकवलं. बाकड्याची शिवण उसवली होती, एक स्प्रिंग वर आली होती. ब्रोनिया बेतानं बसली, बरोबर मधोमध. कॅझ मागून आला, थोडा घुटमळला, आणि गाडीत स्टिअरिंग असायचं त्या बाजूला टेकला. ब्रोनियाने पर्स उचलली आणि दुसऱ्या टोकाला, दाराकडच्या आपल्या जुन्या जागी ठेवली.