चौकटीवरच्या खुणा

दहा वर्षांपूर्वी हाच फ्लॅट बायकोला आवडला होता. शहराच्या ऐन मध्यात, आठव्या मजल्यावर. "घर झालं की मूल होऊ देऊ," ती म्हणाली होती.

मी म्हणालो, "घाई काय आहे? बघू पुढच्या वर्षी." सुतार माणूस मी, दहादा मोजल्याशिवाय करवत लावत नाही. मोजता मोजता दोन्ही राहून गेलं.

आता तोच फ्लॅट पुन्हा विकायला निघाला होता. एजंट म्हणाला, "इथे कुणी राहिलंच नाही हो. कोरा करकरीत आहे."

आतल्या खोलीच्या चौकटीवर मात्र पेन्सिलीच्या आडव्या खुणा होत्या, मांडीपासून वर चढत गेलेल्या. लहान मुलाची उंची दर वाढदिवसाला नोंदवतात, तशा. सगळ्यात खालच्या खुणेशेजारी लिहिलं होतं : एकोणतीस इंच, तीन सूत.

मुलाची उंची सुतात कोण मोजतं? सुतारच. त्या तिनाभोवती गोल होता, आणि सुताच्या आकड्याभोवती गोल करायची खोड माझी. अक्षरही माझंच होतं.

सगळ्यात वरच्या खुणेवरून मी बोट फिरवलं. बोट काळं झालं. खूण ताजी होती. माझा हात कानामागे गेला. पेन्सिल तिथे नव्हती.

"काय हो, या वेळी तरी घ्यायचा ना?" म्हणत बायको आली. खुणा पाहून ती दचकली नाही. वरच्या खुणेच्या उंचीवर तिने हवेत तळहात आडवा धरला.

"एवढा झाला असता," ती म्हणाली.

आणि खालून कुणीतरी टाचा उंचवाव्यात, तसा तिचा तळहात हळूच वर उचलला गेला.