नकाशावरचा नवा ठिपका

माझ्या सहावीच्या वर्गातल्या मुलांनी विज्ञानाच्या प्रकल्पासाठी सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीतलं मधमाश्यांचं प्रत्येक पोळं फोनमधल्या ॲपवर नकाशात नोंदवलं. लोक जपतील, या भाबड्या आशेनं मीच लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. आज पार्किंगमध्ये मेलेल्या मधमाश्यांचा खच पडलेला. सेक्रेटरी अवधूतराव पेस्ट कंट्रोलवाल्याला आमचाच नकाशा दाखवत होते. “शोधाशोध वाचली हो, बाई,” ते हसले. “एकही पोळं सुटलं नाही. मुलांना शाबासकी द्या.” “तुम्हीच द्या की. मागेच उभी आहेत.” मी म्हणाले. मुलांतल्या पूर्णिमानं अवधूतरावांच्या पार्किंगलगतच्या दाराशी जाऊन आईच्या फोनवरून नवा ठिपका टाकला. ‘मधमाश्यांना धोका’ या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. “पूस ते!” हातातल्या नकाशावर तो ठिपका उमटलेला पाहून अवधूतराव ओरडले. तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाई, खरं निरीक्षण पुसायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना?” मी लिंक पुन्हा ग्रुपवर टाकली.