चांदीचा मका

वासरू दगावल्यापासून चांदी गाईने मक्याला तोंड लावलं नव्हतं. तुळशीराम घमेलं पुढे सरकवून विनवत होता, “खा गं बाई, पोरीसाठी तरी खा.”

त्या खास वाणाच्या मक्यात त्याच्या लेकीच्या, रेवतीच्या, रक्ताच्या आजारावरचं औषध पिकत होतं, आणि ते चांदीच्या दुधातूनच तिला लागू पडायचं. चांदीने पान्हा चोरल्यापासून पोर पांढरीफटक पडली होती. तरी ती भिंतीला धरून गोठ्यात आली.

“आबा, तिला माझ्यासाठी खा म्हणू नका. तिचं बाळ गेलंय ना,” म्हणत रेवती चांदीच्या गळ्याला बिलगून बसली.

बऱ्याच वेळाने चांदीने तिचा गाल चाटला आणि घमेल्यात तोंड घातलं. तुळशीरामने घाईने चरवी उचलली, पण त्या दोघींकडे पाहून पुन्हा खाली ठेवली. दूध संध्याकाळी काढता आलं असतं.