दुसरा आवाज

परीक्षेच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज होता. अबोलीनं हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आश्लेषा स्क्रीनकडे न बघता मान कलती करून बसली होती, आणि कॅमेऱ्याबाहेरून कुणीतरी बाई हळू आवाजात मराठीत बोलत होती. 'लाल' एवढाच शब्द कळला.

ॲनाटॉमीचा हा ऑनलाइन कोर्स अबोलीनं स्वतः तयार केला होता. चित्रंही तिनंच काढलेली, आणि प्रश्न सगळे चित्रांवर. वर्गात सर्वांत जास्त मार्क आश्लेषाला. ते कसे, हे आता कळलं, असं अबोलीला वाटलं. रिपोर्ट केला तर आश्लेषा कॉलेजबाहेर. त्याआधी तिनं व्हिडिओ कॉल लावला.

"परीक्षेच्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं?"

"सासूबाई." अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या घरात आश्लेषा तशीच मान कलती करून बसली होती. "मॅम, मला दिसत नाही. मागच्या वर्षी नजर गेली. कॉम्प्युटर सगळं वाचून दाखवतो. चित्रं तेवढी आई सांगतात."

"चित्रं सांगतात की उत्तरं?"

"चित्रं."

"मग हे आधी का नाही कळवलंत?"

"कळवलं की लोक आधी विचारतात, जमेल का. जुनी नोकरी तशीच गेली."

अबोलीचा विश्वास बसेना. तिनं सासूबाईंना कॅमेऱ्यासमोर बोलावलं. रेखाकाकू स्वेटरची बाही ओढत येऊन बसल्या.

"काकू, तुम्ही नर्स होतात का?"

"छे. साताऱ्याला पोस्टात होते."

"जरा बाहेर बसता?"

दार लागल्याचा आवाज आल्यावर अबोलीनं एक चित्र पाठवलं. परीक्षेत कधीच न दिलेलं. आश्लेषानं बटण दाबलं. कॉम्प्युटर बोलला, "इमेज." तिनं परत दाबलं. "इमेज."

"एवढंच ऐकू येतं, मॅम. चित्राखाली काही लिहिलेलं असलं तर ते वाचतो. तुमच्या चित्रांखाली काही नसतं."

नाटकही असू शकतं. अबोलीनं काकूंना परत आत बोलावलं आणि त्यांच्या ओठांवर नजर ठेवली.

काकू स्क्रीनजवळ वाकल्या. "मोठा राजमा उभा चिरलाय. आत गडद लाल त्रिकोणी तुकडे, शेजारी शेजारी. टोकं सगळ्यांची मध्याकडे. मधून एक पिवळी नळी निघून खाली गेलीय."

"किडनी," आश्लेषा म्हणाली. "त्रिकोण म्हणजे पिरॅमिड्स. नळी युरेटर."

"बरोबर आहे का हो मॅडम?" काकूंनी विचारलं. "मला त्यातलं काही कळत नाही."

 अबोलीनं कोर्स उघडला, तेच चित्र शोधलं आणि कीबोर्ड पुढे ओढला.

"काकू, परत सांगा. सावकाश. मी लिहून घेते."

आश्लेषानं टेबलाची कड घट्ट धरली. "रिपोर्टमध्ये?"

"नाही. चित्राखाली."