मान खाली घालून

"मोठी लेन्स घेतलीस का गं?" जयवंतरावांनी विचारलं.

"राहू दे गाडीतच," यशश्री म्हणाली आणि दार असं आपटलं, की मागच्या सीटवरून उतरणारी शिवांगी दचकली.

फेब्रुवारी अर्धा सरला होता. बडोद्यात दुपारी पंखे फिरायला लागले होते, पण वाघोडियाच्या पुढच्या या तळ्यावर पहाटे दातावर दात आपटत होते. शिवांगीनं दोन स्वेटर चढवले होते आणि तिच्या आजोबांनी, म्हणजे जयवंतरावांनी, माकडटोपी. यशश्रीला थंडीबिंडी काही वाजत नव्हती. ती आतून नुसती धुमसत होती.

कारण कालची संध्याकाळ. ती कारेलीबागेत शिवांगीकडे गेली होती. दार उघडंच होतं. ती बाहेर चप्पल काढत होती, तेवढ्यात आतून जयवंतरावांचा आवाज आला.

"चमचे उद्या येणारच. जरा खायला दिसलं, की मान खाली घालून हजर. पण यशूला आत्ता काही बोलू नकोस हं."

आणि शिवांगी खिदळली. तिची जिवाभावाची, बालवाडीपासूनची शिवांगी.

यशश्री चप्पल हातात घेऊनच जिना उतरली होती.

चमचे! तेही अनेकवचनात, जणू हिच्यासारख्यांची रांग लागली होती त्यांच्या दारात. सगळा हिवाळा त्यांचा तो तिकाटण्यासारखा ट्रायपॉड कुणी वाहिला? गुडघा धरला की हात कुणी दिला? त्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलच्या गोष्टी एकदाही जांभई न देता कुणी ऐकल्या, सख्ख्या नातीनं? आणि खायला म्हणे! मागच्या रविवारी दोन प्लेट शेव-उसळ खाल्ली ती काय मागून? हेच आग्रह करकरून वाढत होते.

तरी ती आज आली होती, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग येत होता. फोनमधल्या पक्ष्यांच्या ॲपमध्ये या तळ्यावरच्या झाडून सगळ्या पाखरांपुढे तिची हिरवी खूण होती. एकट्या स्पूनबिलपुढे, त्या पसरट चोचीच्या पांढऱ्या पाहुण्यापुढे, नव्हती. अख्खा हिवाळा तिनं त्याच्या नावानं चिखल तुडवला होता. आता तळं आटणार, पाहुणी पाखरं निघून जाणार. पुढच्या हिवाळ्यात बारावी, आणि कॅमेरा कपाटात जाणार हे आईनं आधीच जाहीर केलं होतं. आज नाही तर नाहीच. म्हणून ती राग गिळून गाडीत बसली होती. त्यांची लेन्स मात्र वापरणार नव्हती. आपल्या कॅमेऱ्याच्या छोट्याशा लेन्सवर जे येईल ते येईल.

वाटेत जयवंतरावांनी स्टीलचा डबा पुढे केला होता. लीला चिवडा, बडोद्याचा तो ओलसर, बटाट्याचा. तुझ्यासाठी मुद्दाम मांडवीत जाऊन आणलाय, म्हणाले.

जरा खायला दिसलं, की.

भूक नाही, असं सांगून तिनं तो न उघडता मांडीवर ठेवून दिला होता. उतरताना तो तिच्या हातातच राहिला.

बांधावर चढायच्या आधी जयवंतराव सवयीनं ट्रायपॉडपाशी थांबले. यशश्री बुटाची नाडी बांधत बसली. सुटलेली नव्हती, तरी बांधत बसली. शेवटी त्यांनी तो स्वतःच खांद्यावर घेतला आणि एक पाय ओढत चालू लागले. यशश्री उठायला गेली. पण पुन्हा नाडीच ओढत बसली. शिवांगीनं जवळ येऊन तोंड का चढलंय म्हणून विचारलं. यशश्रीनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

बांधापलीकडे पाण्याच्या काठाला उंच गवत होतं. जयवंतराव त्याच्याआड बसले आणि या दोघींना खुणेनं बसवलं. समोर धुकं, आणि धुक्यात उथळ पाण्यात उभे असलेले पाच-सहा पांढरे गोळे. एका पायावर, तोंड पाठीच्या पिसांत खुपसून गाढ झोपलेले.

"बगळे," यशश्री म्हणाली. मुद्दामच जरा मोठ्यानं.

जयवंतरावांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळे मात्र हसत होते. ऊन येऊ दे, मग उठतील, तोवर कॅमेरा तयार ठेव आणि काही विचारू नकोस, असं ते कुजबुजले.

शिवांगी तोंडावर हात धरून खिदळली. अगदी कालच्यासारखी.

झालं. बगळे दाखवायला आणलं होतं हिला! गल्लीतल्या गटारावरसुद्धा बसतात ते. आणि हे दोघं हसतायत.

"आजोबा," ती म्हणाली, "काल मी दारात होते. तुम्ही जे बोललात ते ऐकलं मी."

जयवंतरावांनी शिवांगीकडे पाहिलं. शिवांगीनं जीभ चावली.

"ऐकलंस होय?" ते म्हणाले. "अरेरे. मग मजाच गेली सगळी."

मजा!

यशश्री ताडकन उभी राहिली. तिनं डब्याचं झाकण काढलं आणि डब्यावर दाणकन आपटलं. पुन्हा आपटलं. पुन्हा. चिवडा गवतभर उडाला, तळ्याच्या पार त्या टोकाच्या टिटव्या ओरडत सुटल्या. घ्या, काढा आता फोटो. घ्या मजा.

पांढरे गोळे एकदम जागे झाले, धडपडले आणि पाणी उडवत वर उठले.

बगळे मान आखडून उडतात. यांच्या माना पुढे सरळ ताणलेल्या होत्या. नेमकी तेव्हाच उन्हाची पहिली तिरीप धुक्यातून आली आणि त्यांच्या चोची दिसल्या. लांब, काळ्या, टोकाला पसरट.

डबा यशश्रीच्या हातातून पडला. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला. त्या छोट्याशा लेन्समध्ये आभाळभर पांढरे ठिपके होते, लहान लहान होत जाणारे.

मग शिवांगी अगदी रडवेल्या आवाजात म्हणाली, "आजोबा, चमचे गेले."